अकरा काचा

"नाना, जिल्ह्याला हे काय पाठवलंत तुम्ही?"

वैराळे मॅडमनी काचांची पेटी माझ्या टेबलावर ठेवली. ठेवली म्हणजे आपटलीच. आत अकरा काचा आणि वर रबरानं अडकवलेली चिठ्ठी. 'अकराही नमुन्यांत निव्वळ लाळ. तपासणीस अयोग्य. पुन्हा पाठवावेत.'

"लाळच असणार मॅडम," मी म्हणालो. "सकाळी गेटावर भज्यांची गाडी लागते. त्या वासानं आमच्या स्टाफच्या तोंडाला—"

"नाना."

"हं."

"उद्या संध्याकाळपर्यंत अकरा जणांचा खरा बेडका जिल्ह्याला जायला हवा. छातीतला. मी दोन दिवस मीटिंगला चाललेय, मागं गोंधळ नकोय. आणि ती खिडकी आधी उघडा."

"दिवा विझतो मॅडम."

त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि निघून गेल्या. वय अठ्ठावीस. आमच्या ग्रामीण रुग्णालयात मुख्य डॉक्टर म्हणून येऊन त्यांना दोन महिने झाले होते. गावाचं नाव सांगत नाही. तिथले लोक मी खोटं सांगतो असं म्हणतात, आणि त्यात बरंच खरं आहे.

मी तिथला लॅबवाला. अठरा वर्षं तालुक्याची थुंकी तपासत होतो. पेशंटनं डबीत बेडका दिला की खराट्याची काडी मोडायची, तिनं तो काचेवर पसरायचा, स्पिरिटच्या दिव्यावर काच शेकायची, मग रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली सारायची. निळ्या मैदानात तांबड्या काड्या दिसल्या की टीबी. रजिस्टरात त्याची ओळ लाल शाईनं लिहायची. वाऱ्यानं दिवा फडफडतो म्हणून खिडकीला मी चार इंची खिळा ठोकला होता आणि फटींना वर्तमानपत्र चिकटवलं होतं. खोली अशी बंद की कुणी कांदा खाऊन आलं तर सगळ्यांचं जेवण व्हायचं.

मॅडमनी आल्या आल्या टूम काढली. "थुंकी घेणारे तुम्ही, गोळ्या देणारे तुम्ही, खाटा झाडणारे तुम्ही. तुम्हाला कोण तपासतं?" कुणालाच कोणी तपासत नव्हतं. मग ठरलं, सगळ्या अकरा जणांनी नमुना द्यायचा. आपल्या माणसांचा रिपोर्ट आपणच देणं बरोबर नाही, म्हणून काचा मी फक्त शेकायच्या आणि न रंगवता, न बघता जिल्ह्याला धाडायच्या. पहिल्या खेपेला सगळे डबीत पचकन थुंकून मोकळे झाले, मीसुद्धा. ती ही परत आलेली पेटी.

त्या दुपारी चहाला सगळे माझ्या खोलीत जमले. रोजच जमायचे, कारण माझ्याकडं दोन गोष्टी होत्या, चहाचा स्टोव्ह आणि थापा.

"मला बेडका येतच नाही हो," औषधं वाटणारा रफिक मुलाणी म्हणाला. "सकाळपासून खाकरतोय. बायको म्हणाली, अहो, ट्रॅक्टर गेला का दारावरून?"

"मी नाही देणार," हेमलता सिस्टर म्हणाल्या. त्या आमच्या इनचार्ज. "बावीस वर्षं टीबीच्या पेशंटना औषध पाजतेय. व्हायचं असतं तर कधीच झालं असतं. आता आपल्याला बाधत नाही ते."

हे आमचं सगळ्यांचंच मत होतं. इतकी वर्षं त्या जंतूंत वावरलो, आता ते आपल्याला ओळखतात, सलाम ठोकून पुढं जातात. मास्कचा गठ्ठा कपाटात होता. सुट्टीत मुलाणी त्याची नाडी लेंग्याला वापरायचा, हे मात्र खरंच खरं.

"आणि शिवाय," सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "चुकून काही निघालं तर? माझ्या धाकटीला बघायला येणारेत परवा."

"काय म्हणतीया ही?" हौसाबाईनं विचारलं.

हौसाबाई मावशी वॉर्डात आया होती. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, त्यामुळं दवाखान्यात मला अरे-तुरे करणारी ती एकटी. तिला डावा कान नव्हताच, उजव्यात थोडी धुगधुगी होती. म्हणून ती माझ्या स्टुलाला गुडघा टेकवून बसायची, माझ्या ओठांकडं बघत, आणि मी तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन ओरडून गोष्ट सांगायचो. ती हसली की बाकीचे हसायचे. अठरा वर्षांत इतकं चांगलं गिऱ्हाईक मला मिळालं नव्हतं. तिच्या मांडीवर त्या दिवसांत एक दुपटं असायचं. तिच्या लेकीला लग्नानंतर नवव्या वर्षी मुलगी झाली होती, तिकडं सासरी. रविवारी बारसं. शनिवारी सकाळच्या गाडीचं मावशीचं जाणं ठरलं होतं. जुन्या मऊ लुगड्यांचं ते दुपटं ती माझ्या थापा ऐकत ऐकत टाचायची.

"लग्नाचं बोलतायत सिस्टर!" मी ओरडलो.

"बोलू दे. तू सांग. काल कुठवर आलतास?"

"पंगतीपर्यंत!" मी तिच्याकडं वाकलो. "तर मावशी, मी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला, बघतो तर काय! जंतू दोन रांगा करून जेवायला बसलेले. मध्ये एक वाढपी, उपरणं खोचलेला!"

"आणि वाढत काय हुता?"

"फुप्फुस! म्हणत होता, घ्या पाव्हणं, लाजू नका!"

मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो आणि हसता हसता मला ढास लागली. दोन महिने ती तशी लागायची. स्पिरिटचा धूर, आणखी काय. छातीतून घरघरत एक मोठा बेडका वर आला. मी तो सवयीनं डबीत घेतला आणि सवयीनंच उजेडात धरून पाहिला. पिवळा, घट्ट, गाठाळ. अशा नमुन्यासाठी लॅबवाले तरसतात.

"वा!" मी म्हणालो. "याला म्हणतात माल."

मुलाणी पाहतच राहिला. "नाना, तुमचा एकट्याचा येवढा?"

"अकरा जणांना पुरून उरेल."

हे वाक्य मी थट्टेत बोललो. पण ते खोलीत तसंच लोंबकळत राहिलं. सगळे एकमेकांकडं पाहायला लागले.

"नाना, हे बरं नाही," सिस्टर म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी दाराला कडी घातली.

"काय वाईट आहे? मी ठणठणीत आहे. बेडका घट्ट, म्हणजे नमुना योग्य. जंतू नाहीत, म्हणजे अकरा जण निगेटिव्ह. मॅडम खूश, जिल्हा खूश, तुमची धाकटी खूश."

खराट्याच्या अकरा काड्या मोडल्या. अकरा काचा मांडल्या. एका डबीतून अकरा ठिकाणी पसरला, प्रत्येक काचेवर सारखा, नाण्याएवढा. शेकल्या. मुलाणीनं नंबर घातले. लग्नाच्या पत्रिका लिहितात तसं काम चाललं होतं. मावशी म्हणाली, "माझी चांगली लाव रं, बारशाला जायाचंय मला." मी तिच्या काचेवर जरा जास्तच पसरला.

आता तुम्ही म्हणाल, नाना, तुम्ही एक काच रंगवून बघितली का नाही? दहा मिनिटांचं काम होतं. खरं सांगतो, मनातसुद्धा आलं नाही. माझ्या कमरेच्या पट्ट्याला त्या दोन महिन्यांत मी खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली होती आणि चांभाराला शिव्या दिल्या होत्या, चामडं ताणलं गेलं म्हणून. मी तसा माणूस.

शुक्रवारी दुपारी मॅडम परत आल्या. त्यांनी जीप नीट लावलीसुद्धा नाही, चाक तुळशीच्या कट्ट्याला टेकलं होतं. "सगळ्यांना व्हरांड्यात बोलवा," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटेना.

आम्ही अकरा जण उभे राहिलो. मी पुढं, मध्यभागी. कौतुक व्हायचं असेल तर मी कायम मध्यभागी असतो. मॅडमच्या हातात एक कागद होता.

"मी जिल्ह्याला दोनदा विचारलं," त्या म्हणाल्या. "त्यांनी काचा पुन्हा तपासल्या. अकरापैकी..." त्यांनी कागद पुन्हा वाचला. "अकराच्या अकरा पॉझिटिव्ह. सगळे तीन प्लस."

तीन प्लस म्हणजे काचेवर जंतूंची जत्रा. त्याच्या वरची पायरी नाही.

वॉर्डात एका पेशंटच्या हातून ताटली पडली, ती गोल फिरत फिरत थांबेपर्यंत सगळं ऐकू आलं.

"उद्या जिल्ह्याची टीम येतेय," मॅडम म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांना औषध सुरू करायचं. प्रसूतिकक्ष बंद. घरच्यांची तपासणी. मला कळत नाही, एवढे दिवस मी इथं... समोर असून मला कसं दिसलं नाही?"

त्या हे बोलत होत्या तेव्हा त्यांच्याकडं कोणी बघत नव्हतं. आधी सिस्टरची मान वळली. मग मुलाणीची. मग एकेक करून सगळ्यांची. सगळे माझ्याकडं पाहत होते. मी अजून अकरा या आकड्याचाच विचार करत होतो. अकरा जणांना एकदम कसा झाला, हेच कोडं मी सोडवत होतो. माणूस किती मठ्ठ असावा!

मग मुलाणी मागं सरकला. एकच पाऊल. सिस्टर दोन पावलं. चपला फरशीवर घासल्याचा आवाज झाला आणि माझ्याभोवती मोकळं वर्तुळ पडलं. अठरा वर्षं ज्यांना मी रोज हसवलं ते सगळे भिंतीला जाऊन टेकले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

एक माणूस मात्र मागं सरकलं नाही. हौसाबाई. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. सगळे मागं गेले म्हणून ती पुढं आली, उजवा कान माझ्या तोंडाजवळ आणला, आणि मग सवयीनं माझ्या ओठांकडं बघत म्हणाली, "काय म्हणाल्या बाई? पास झालो का?"

मी तळहात तोंडावर दाबला. जन्मात पहिल्यांदा.

"काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम," मी हाताआडून म्हणालो, "अकराही माझ्याच."

"काय तुमच्याच?"

"काचा. बेडका माझा एकट्याचा. अकरा काचांवर मीच."

मॅडमचे डोळे भरून आले, रागानं. "नाना, आजच्या दिवशीसुद्धा? आत्ता गोष्टी सांगायची वेळ आहे ही?"

त्यांना थाप वाटली. एवढ्या वर्षांत मी पहिलं खरं वाक्य बोललो होतो.

"खरं आहे मॅडम," सिस्टर भिंतीपासूनच म्हणाल्या. "आम्ही सगळे होतो तिथं. मी कडी लावली होती दाराला."

मॅडम पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दहा जणांचं काय, ते मला अजून माहीतच नाही."

त्यानंतर त्यांनी फोन करून जिल्ह्याची टीम थांबवली. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. अंगणात कडुलिंबाखाली एकेकाला त्यांनी स्वतः उभं केलं, दोन्ही हात कमरेवर ठेवून खोल श्वास कसा घ्यायचा, पोटातून कसं खोकायचं ते शिकवलं. पहिला नमुना त्या दुपारी, दुसरा शनिवारी पहाटेचा. शनिवारची सकाळची गाडी फाट्यावर हॉर्न देऊन गेली तेव्हा हौसाबाई कडुलिंबाखाली डबी धरून उभी होती. बोचकं तिच्या पायाशी होतं. "दुपारच्या गाडीनं जाईन," ती सगळ्यांना सांगत होती.

काचा मॅडमनी स्वतः रंगवल्या. मला खोलीत यायला बंदी. त्यांनी आधी कटावणी मागवली आणि खिडकीचा खिळा उपटला. कागद फाडला. वारा आत आला तसा दिवा विझला. त्यांनी पुठ्ठ्याचा आडोसा केला आणि दिवा पुन्हा लावला. जळत राहिला. अठरा वर्षांत मला पुठ्ठा सुचला नव्हता.

माझी काच झाल्यावर मी दारातून विचारलं, "मॅडम, एकदा बघू का?"

त्या उठून बाजूला झाल्या. मी मास्क नाकावर ओढला, नळीला डोळा लावला. निळ्या मैदानात तांबड्या काड्या. मूठभर नाहीत, सुगीतल्या खळ्यावर पसरल्यासारख्या. लोकांच्या अशा काचा बघून मी दहा हजार वेळा शांतपणे लाल पेन उचललं होतं. त्या दिवशी मला पेन कुठं ठेवलंय तेच आठवेना.

बाकीच्या काचा दुपारी दोनपर्यंत झाल्या. मुलाणी स्वच्छ. सिस्टर स्वच्छ. एकेक नाव मॅडम दारात येऊन सांगत होत्या आणि अंगणातलं एकेक माणूस खाली बसून रडत होतं. नऊ नावं झाली. दहावं राहिलं. मॅडम बाहेर आल्या आणि कोणाकडंच न बघता माझ्याकडं आल्या.

"हौसाबाई," त्या म्हणाल्या. "दोन प्लस." मग म्हणाल्या, "तुम्हीच सांगा. तिला दुसऱ्या कोणाचं ऐकू येत नाही."

सांगायचं कसं? जवळ जाऊन सांगायची सोय मी ठेवली नव्हती. मास्क लावून सांगावं तर तिला ओठ दिसत नाहीत. शेवटी मॅडमनी मला गेटापाशी उघड्यावर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं केलं आणि मावशीला कडुलिंबाखाली. मध्ये वीसएक पावलं. मी मास्क काढला.

"मावशी!" मी ओरडलो. सगळा वॉर्ड खिडक्यांना आला. "मला टीबी झालाय!"

"आँ?"

"टीबी! मला! आणि माझ्यामुळं तुला!"

ती हसली. अगदी खळखळून. हात उडवून म्हणाली, "चल, लबाडा! गाडी चुकवतूस व्हय माझी?"

"खरं सांगतोय!"

"आणि वाढपी कोण हुता? उपरणंवाला?"

खिडकीत कोणीतरी हसलंसुद्धा. मला काय करावं कळेना. शपथा मी इतक्या खोट्या घेतल्या होत्या की एकही शिल्लक नव्हती. मी तिथंच गेटात मटकन खाली बसलो आणि हमसून रडायला लागलो. ते तिनं पाहिलं. कानाचं काम नव्हतं त्यात.

तिचं हसू हळूहळू गेलं. ती बोचक्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं नाही, मॅडमकडं वळून म्हणाली, "बाई, मी अजून पोरीला हात लावला न्हाई. तिला काय न्हाई ना?"

"नाही मावशी," मॅडमनी मान हलवून, ओठ नीट उघडून सांगितलं. "तुम्ही गेला नाहीत, म्हणून तिला काही नाही."

मावशीनं बोचकं सोडलं. वरचं दुपटं काढून मॅडमच्या पायाशी ठेवलं. "यातबी असतील का ते?"

"गरम पाण्यातून काढू, कडक उन्हात टाकू. मग खुशाल पाठवा."

बारशाला दुपटं गेलं, आजी गेली नाही. चार दिवसांनी लेकीचं कार्ड आलं. मावशीला वाचता येत नव्हतं. ते मी गेटापासून वाचलं, गळ्याच्या शिरा ताणून. "नाव ठेवलं गोजिरी!"

"काय?"

"गो-जि-री!"

टीबी वॉर्डातल्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या आणि घुगऱ्या मागितल्या.

मग औषधं. तेव्हा प्रत्येक पेशंटचं वेगळं खोकं असायचं, वर नाव लिहिलेलं. मुलाणीच्या फडताळात माझं आणि मावशीचं खोकं शेजारी शेजारी. सोमवार, बुधवार, शुक्रवार सिस्टर आम्हाला समोर उभं करून गोळ्या गिळायला लावायच्या, आणि जीभ वर करून बघायच्या. माझी बायको तपासली, ती स्वच्छ निघाली. मला नोटीस मिळाली, तीन वेतनवाढी थांबल्या. मॅडमनी ती फाईल पाठवली आणि त्याच दिवशी माझ्यासाठी घरून अंडी पाठवली.

त्या कार्डापुरतं सोडलं तर मावशी मला त्या दिवसांत एक शब्द बोलली नाही. गोळ्या घ्यायला आली की माझ्याकडं पाठ करून पाणी प्यायची. मीही गोष्ट सांगितली नाही. चहाची बैठक आता कडुलिंबाखाली भरायची, मास्क नाकावर घेऊन सगळे गप्प बसायचे.

दोन महिन्यांनी पुन्हा काचा झाल्या. दोघांच्याही स्वच्छ. औषध अजून चार महिने होतं, पण मॅडम म्हणाल्या, मावशी, आता जा नातीकडं. जायची गरजच पडली नाही. पुढच्या आठवड्यात लेकच पोरीला घेऊन आली.

मी खोलीत काम करत होतो, खिडकी सताड उघडी. बाहेर कडुलिंबाच्या पारावर मावशी बसली होती, मांडीवर ते दुपटं, दुपट्यात गोजिरी. मी मास्क बांधून बाहेर आलो आणि दहा पावलांवर थांबलो. पुढं यायचं धाडस होईना. मावशीनं बराच वेळ मला तसंच उभं ठेवलं. मग पोरीच्या टाळूवरून हात फिरवत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "पोरगी जागी हाय. सांग काहीतरी."

मला वाटलं, चुकीचं ऐकलं. मी एक पाऊल पुढं टाकलं, मास्कला हात घातला.

"तिथंच!" ती ओरडली. "मास्क राहू दे. आणि तोंड तिकडं कर, रस्त्याकडं."

"मावशी," मी ओरडलो, "मग तुला ऐकू कसं येणार?"

तिला ते ऐकू आलंच नाही, पण मी काय म्हणालो असेन ते तिला कळलं.

"मला ऐकू न्हाई आलं तरी चालंल," ती म्हणाली. "तसंबी खोटंच असतंय."

मी रस्त्याकडं तोंड केलं आणि सुरुवात केली.